शाफ्टचा कोन आणि ड्रायव्हरचा पगार

लकडगंजात ओंडक्यांनी लादलेला ट्रक आपण पाहिला आहे. त्याच्या पोटाखालचा शाफ्ट मात्र क्वचितच कोणी पाहिला असेल. तो दोन क्रॉसांवर फिरतो. कोनात फिरणारा क्रॉस दर फेऱ्याला वेग दोनदा वाढवतो, दोनदा घटवतो. दोन्हीकडचे कोन सारखे आणि शाफ्टचे काटे एका पातळीत असले, तर पहिल्याचा हिसका दुसरा गिळतो. जादा मालासाठी पाटे चढवले की गाडी उचलते, कोन वाढतात. त्यात पाट्याखालची पाचर उलटी बसली की हिशेबच मोडला. शाफ्ट तुटतो, नि भरपाई ड्रायव्हरच्या पगारातून! अहो, 1936 च्या वेतन कायद्यातसुद्धा कामगाराचे म्हणणे ऐकल्यावाचून अशी कपात करता येत नव्हती. म्हणून आम्ही सांगतो, तुटका क्रॉस भंगारात जाऊ देऊ नका. आधी दोन्ही कोन मोजून मिस्त्रीकडून लिहून घ्या.