तोंडी हुकूम पुरत नाही



 

१९६४ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. तारकुंडे यांच्यापुढे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्यावरचा अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. आधीच्या साक्षीची बातमी छापून आल्याने धंद्याला फटका बसला, आता तरी प्रसिद्धी नको, अशी विनवणी एका साक्षीदाराने केली. न्यायमूर्तींनी ती मान्य केली. कोर्टात हजर असलेल्या ‘ब्लिट्झ’च्या वार्ताहराला समोर बोलावून ‘ही साक्ष छापायची नाही’ असं सांगितलं. प्रतिवादीच्या वकिलांनी लेखी हुकूम मागितला. उत्तर मिळालं, तोंडी हुकूम दिला आहे, तो पाळला जाईल अशी माझी अपेक्षा आहे.

पुढे हे प्रकरण ‘नरेश श्रीधर मिरजकर’ या नावानं सर्वोच्च न्यायालयात गेलं. नऊ न्यायमूर्ती बसले, १९६६ च्या मार्चमध्ये निकाल आला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर आणि बहुमतानं हुकूम उचलून धरला, न्या. हिदायतुल्ला एकटे विरोधात राहिले. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल मूलभूत हक्कांसाठी वाचतात. मला त्यात दुसरंच खुपतं. हा मनाई हुकूम खटला चालू असेपर्यंतच होता की कायमचा, हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला अर्थ लावून ठरवावं लागलं! तारकुंडे नागरी स्वातंत्र्यासाठी आयुष्यभर झटलेले. त्यांच्या हुकुमाचीही ही गत, तर तालुक्याच्या कोर्टातल्या तोंडी सूचनेचं काय होणार?

साक्षीदाराची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यानं तर अशा भीतीला मोठं कारण दिलं आहे. आता अशिलाला दाव्याशी संबंधित आपल्या ताब्यातले सगळे कागद उघड करावे लागतात, मग ते त्याच्या बाजूचे असोत की विरुद्ध. कायद्याच्या जोरावर कागद काढून घेतला, की तो त्या दाव्यापुरताच वापरला जाईल याची हमी कोर्टानं द्यायलाच हवी.

पण ती हमी कुठवर? इंग्लंडमध्ये हॅरियट हारमन या सॉलिसिटरनं एका कैद्याच्या दाव्यात सरकारकडून मिळालेले कागद पत्रकाराला दाखवले. ते भर कोर्टात वाचले गेले होते, तरी १९८२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी तिला अवमानाबद्दल दोषी ठरवलं. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे गेलं, तडजोड झाली आणि पुढे नियमच बदलला. आता कोर्टात वाचलेल्या कागदावरचं बंधन सुटतं. ते कायम ठेवायचं तर न्यायाधीशाला तसा वेगळा हुकूम द्यावा लागतो. मला ही रीत योग्य वाटते.

लेखी हुकूम नसला की काय होतं, ते मी स्वतः अनुभवलं आहे. माझा एक अशील रंगाचा छोटा कारखाना चालवायचा. मिश्रणाची प्रमाणं त्यानं स्वतःच्या हातानं वहीत लिहिलेली, पुठ्ठ्याच्या कडा रंगानं निळ्या झालेल्या. ती वही समोरच्या वकिलांना दाखवावी लागली. ‘बाहेर जाऊ देऊ नका,’ कोर्ट म्हणालं, आम्ही माना डोलावल्या. त्या दिवसाच्या रोजनाम्यात एवढंच: उभय पक्ष हजर, तपासणी पूर्ण, पुढील तारीख. सहा महिन्यांनी न्यायाधीश बदलले. वहीतल्या चार पानांच्या झेरॉक्स समोरच्या पक्षाच्या गोदामात सापडल्या, तेव्हा मी अर्ज केला. विचारणा झाली, ‘मनाईचा हुकूम कुठे आहे?’ माझ्या हातात फक्त रोजनामा होता. चूक माझी. हुकूम मागून घेणं माझं काम होतं.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत ‘कॉन्फिडेन्शियलिटी क्लब’ची पद्धत लिहून ठेवलेली आहे. प्रत्येक बाजूचे जास्तीत जास्त तीन वकील आणि दोन बाहेरचे तज्ज्ञ, कागद मोहोरबंद, पाहायचे पण नक्कल घ्यायची नाही. जिल्हा न्यायालयात एवढी यंत्रणा उभी राहणार नाही, हे मला माहीत आहे. पण एक पानाचा मसुदा वकिलाला अर्जासोबत जोडता येतो: कोणती पानं, कोण पाहणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि खुल्या कोर्टात वाचली गेल्यावर काय.

तसा मसुदा मी करून आणला आहे. दुपारच्या सत्रात त्याच्या प्रती वाटल्या जातील. त्यातल्या प्रत्येक शब्दावर मला तुमचे आक्षेप हवे आहेत.