खोली भाड्याने द्यायची? आधी कर्ज कुणाचं, घर कुणाचं ते बघा

(ग्रामसंघाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चाकण, रांजणगाव, वाळूज अशा एमआयडीसीच्या आसपास आता गावोगावी भाड्याच्या खोल्या दिसतात. तालुक्याला कॉलेज असलं की तिथंही मागणी असते. म्हणून गटात बऱ्याच जणी विचारतात, "ताई, कर्ज काढून दोन खोल्या बांधू का?" बांधा, पण आधी वही-पेन घ्या.

समजा, दोन खोल्यांना तीन लाख रुपये खर्च आला. एका खोलीला 2,500 रुपये भाडं, म्हणजे दोन्हीचे महिन्याला 5,000. आपण लगेच म्हणतो, वर्षाला 60,000 झाले! पण एक भाडेकरू गेला की दुसरा लगेच येत नाही. वर्षात दहाच महिने भाडं धरा, म्हणजे 50,000. घरपट्टी, रंग, नळ, मोटार यांचे 8,000 बाजूला काढा. हातात राहिले 42,000.

आता कर्ज बघू. दोन लाख कर्ज, वर्षाला 12 टक्के घटत्या शिल्लकीवर, पाच वर्षं मुदत. हप्ता साधारण 4,450 रुपये. वर्षाचे झाले 53,400. म्हणजे भाडं सगळं गेलं आणि वरचे 11,400 आपल्या मजुरीतून घालावे लागले. व्याज महिन्याला 2 टक्के असेल तर ते वर्षाला 24 टक्के होतं, हेही विसरू नका.

मग काय करायचं? आधी एकच खोली बांधा. दीड लाख खर्च, निम्मे आपले, निम्मे कर्ज. 75,000 चा हप्ता साधारण 1,670 येतो, वर्षाला 20,000 च्या आसपास. एका खोलीतून हातात 21,000 राहतात. जेमतेम का होईना, खोली आपला हप्ता आपण फेडते. ती फिटली की दुसरी.

आता मुख्य गोष्ट सांगते, नीट ऐका. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई भरते आणि घर मात्र तिच्या नावावर नाही, असं आपल्याकडे सर्रास होतं. उद्या काही कमी-जास्त झालं तर तिच्या हाती फक्त कर्ज राहतं. म्हणून वीट आणण्याआधी ग्रामपंचायतीत जा आणि नमुना 8 चा उतारा काढा. त्यावर कुणाचं नाव आहे? तुमचं नसेल तर घरात बसून बोला, नाव लावून घ्या, मगच कर्जाच्या अर्जावर सही करा. भाडंही तुमच्याच बँक खात्यात येऊ द्या. आणि जागा शेतीची असेल तर बांधण्याआधी तलाठी आणि तहसील कार्यालयात परवानगीचं विचारा.

भाडेकरू ठेवताना तोंडी व्यवहार करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. ती जबाबदारी घरमालकाची, म्हणजे आपली. नोंदणी केली नाही तर दंड आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. साधारणपणे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतात. ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये, स्टॅम्प ड्युटी वेगळी. असा करार असेल आणि मुदत संपूनही माणूस खोली सोडत नसेल, तर कायद्याने दुप्पट भाडं मागता येतं. कागदच नसेल तर कुणाकडे दाद मागणार?

आधार कार्डाची प्रत घ्या, कामाचं ठिकाण विचारा, पोलीस ठाण्यात माहिती द्या. माणसाची जात बघू नका, कागद बघा. लाइटसाठी वेगळा सबमीटर बसवा, म्हणजे बिलावरून दर महिन्याला भांडण नको. डिपॉझिट आपलं नाही, ते परत द्यायचं आहे. ते लग्नकार्यात खर्च न करता बँकेत ठेवा. आणि दर महिन्याला भाड्याची पावती द्या. गटात आपण पाच रुपयेही लिहून ठेवतो, मग इथं का नको?

येत्या बैठकीत ज्यांना खोली बांधायची आहे त्यांनी नमुना 8 चा उतारा आणि खर्चाचा अंदाज लिहून आणा. आपण सगळ्या मिळून हिशोब तपासू. हिशोब बसला तर कर्जाचा ठराव करू, नाही बसला तर थांबायला सांगू. गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे, आणि घर आपल्या मैत्रिणीच्याच नावावर व्हायला हवं.