खुब्याचा सांधा : निवड आणि हिशेब



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. परंतु खुब्याचा हिशेब केवळ दरपत्रकावर मांडता येत नाही. रक्तपुरवठा खंडित झालेला मांडीच्या हाडाचा गोळा खचण्यापूर्वी रुग्ण आला, तर हाडास छिद्र पाडून आतील दाब कमी करता येतो. मूळ सांधा वाचण्याची आशा राहते. गोळा खचल्यावर बहुधा संपूर्ण सांधारोपणच करावे लागते. १९६० च्या दशकात जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये त्यास आधुनिक रूप दिले. अतिवृद्धाच्या हाडाची मान मोडल्यास अर्धा सांधा बदलणे बहुधा पुरते. मात्र हिंडत्याफिरत्या माणसात त्याने खुब्याची वाटी झिजू शकते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड असते. म्हणून आपल्या दानातून रुग्णास केवळ स्वस्त नव्हे, योग्य सांधा मिळावा, ही नम्र विनंती.