मुलींचे मंडळ, हस्तकला आणि हिशेब



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. चर्चमधील मुलींच्या मंडळाने कोणते उपक्रम करावेत, कोणत्या हस्तकला शिकाव्यात, हे सांगावयास एखाद्या शिक्षिकेला बोलवावे, पाळकसाहेबांच्या पत्नीला बोलवावे. युनियनच्या माणसाचे तेथे काय काम? आमचे उत्तर सोपे आहे. आमचा जन्म हाताने काम करणाऱ्या माणसांत गेला. ज्या मुली आज रविवारी दुपारी मंडळात बसून क्रोशाचे रुमाल विणतात, त्यांतील पुष्कळजणी उद्या शिवणयंत्रावर, पॅकिंगच्या टेबलाशी, दवाखान्यात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर काम करणार आहेत. हाताला काम शिकविणारी पहिली जागा जर मंडळ असेल, तर त्या कामाची किंमत ओळखावयास शिकविणारी पहिली जागाही मंडळच असले पाहिजे. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते इतकेच.

आपल्यापैकी जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. संडे स्कूलमधून वर आलेल्या, साधारण बारा ते अठरा वर्षांच्या मुलींचा हा गट असतो. आठवड्यातून एकदा जमावयाचे, गीते म्हणावयाची, शास्त्रपाठ करावयाचा, थोडे खेळावयाचे आणि काही हातकाम करावयाचे, असा ठरीव क्रम. नाताळ जवळ आला की कागदाचे तारे आणि भेटकार्डे. कापणीच्या सणाला लिलावासाठी रुमाल आणि पिशव्या. महिला मंडळ किंवा भजनी मंडळ चालविणाऱ्या भगिनींना यात आपलेही चित्र दिसेल.

ख्रिस्ती धर्मात हातकामाचा मान मुळापासूनचा आहे. येशू सुताराच्या घरी वाढला. पौलाला तंबू करण्याचा धंदा येत होता, आणि करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहून त्याने तो केला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसेची, कथा आहे. ती वारली तेव्हा गावच्या विधवा पेत्राभोवती जमल्या आणि तिने केलेले अंगरखे व कपडे रडत रडत त्याला दाखवू लागल्या. एकोणिसाव्या शतकात तिच्याच नावाने चर्चांतून दुर्कस सोसायट्या निघाल्या. बाया जमून गरिबांसाठी कपडे शिवीत. त्या कथेत आम्हांस एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विधवांनी दाखविले ते अंगावर घालावयाचे कपडे होते, कपाटात मांडावयाची शोभा नव्हे. तेव्हा उपक्रम ठरविताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की ही वस्तू कोणाच्या घरात जाणार आणि कोणाच्या उपयोगी पडणार?

मुलींच्या मंडळांना आजचे रूप आले ते मात्र कारखानदारीच्या युगात. लंडनमध्ये १८५५ साली वाय. डब्ल्यू. सी. ए. या संस्थेचा आरंभ झाला. १८७५ साली ती मुंबईत आली. त्याच १८७५ साली इंग्लंडात मेरी टाउनसेंड या बाईंनी अँग्लिकन चर्चच्या छायेखाली ‘गर्ल्स फ्रेंडली सोसायटी’ काढली. घर सोडून नोकरीला निघालेल्या मुलींना आधार मिळावा, हा हेतू चांगलाच होता. परंतु रचना अशी, की सुखवस्तू घरच्या बाया ‘असोसिएट’ आणि कामकरी मुली ‘मेंबर’. सल्ला एकीने द्यावयाचा, दुसरीने घ्यावयाचा. आजही पुष्कळ मंडळे नकळत याच साच्यावर चालतात. ताई ठरवितात, मुली करतात.

हा साचा मोडणारे एक उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते. लंडनमध्ये मेथडिस्ट पंथाचे वेस्ट लंडन मिशन होते. तेथे मेरी नील आणि एमेलिन पेथिक या दोन तरुण बाया मुलींचा क्लब चालवीत. १८९५ साली त्या मिशनमधून बाहेर पडल्या आणि त्यांनी ‘एस्पेरान्स’ नावाचा आपला क्लब काढला. हा फ्रेंच शब्द, अर्थ आशा. क्लबातल्या पुष्कळ मुली शिवणकामाच्या धंद्यातल्या. त्या धंद्याची रीत अशी, की हंगामात रात्री उशिरापर्यंत सुई चालवावयाची आणि हंगाम सरला की घरी बसावयाचे. संध्याकाळी मुलगी क्लबात येऊन गाणे म्हणे, नाचे, हसे; दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच कोंदट खोलीत जाई. संध्याकाळ सुधारून दिवस तसाच ठेवावयाचा, हे या दोघींना पटेना. म्हणून १८९७ साली त्यांनी कपडे शिवण्याची एक सहकारी संस्था उघडली. तेथे आठ तासांचा दिवस, किमान वेतन आणि सुटी, हे तिन्ही नियम पाळले. या तीन गोष्टींसाठी किती संप झाले ते येथे बसलेल्या गिरणीवाल्यांना सांगावयास नको. लंडनमध्ये त्यांचा एक धडा मुलींच्या क्लबातून घातला गेला.

पुढची हकीकत आणखी गोड आहे. १९०५ साली मेरी नील लोकगीते जमविणाऱ्या सेसिल शार्प यांजकडे गेल्या आणि आपल्या मुलींसाठी गाणी मागितली. मुलींना ती इतकी आवडली, की मग नाचही हवा झाला. शार्प यांनी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन येथील विल्यम किंबर याचे नाव सांगितले. किंबर गवंडीकाम करी आणि वडिलोपार्जित मॉरिस नाच जाणत असे. त्याला लंडनला बोलाविले. त्याने मुलींना नाच शिकविला. आणि थोड्याच काळात ह्या शिवणकाम करणाऱ्या मुली इंग्लंडातील गावोगाव तो नाच शिकवावयास जाऊ लागल्या. त्यांच्यातली फ्लॉरेन्स वॉरन ही मुलगी १९१० साली मेरी नील यांच्यासोबत अमेरिकेस गेली, तीही शिकविण्यासाठीच. क्लबात शिकावयास आलेली मुलगी शिक्षिका झाली. मंडळ चांगले चालले आहे की नाही, याची याहून सोपी परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

अमेरिकेतही वाय. डब्ल्यू. सी. ए. ने कारखान्यांतील मुलींचे क्लब चालविले. १९२० साली क्लीव्हलँड येथील अधिवेशनात चर्चांनी मान्य केलेली समाजविषयक ध्येये आपल्या संस्थेनेही स्वीकारावीत, असा आग्रह कामकरी मुलींनी धरला. मालकांशी एकजुटीने वाटाघाटी करण्याचा कामगारांचा हक्क त्या ध्येयांत होता. संस्थेने ती स्वीकारली. दुसऱ्याच वर्षी, १९२१ साली, ब्रिन मॉर कॉलेजात कामकरी स्त्रियांची उन्हाळी शाळा सुरू झाली आणि ती १९३८ पर्यंत चालली. त्या शाळेसाठी विद्यार्थिनी मिळवून देण्यात या क्लबांचा मोठा हात होता.

आपल्याकडचे उदाहरण तर पुणे जिल्ह्यातच आहे. केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी निराधार मुली आणल्या. त्यांना नुसते अन्नवस्त्र देऊन बाई थांबल्या नाहीत. विणकाम, शेती, छपाई असे धंदे शिकविले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बाईंनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथल्याच छापखान्यात छापले गेले. त्याचे खिळे आश्रमातल्या मुलींनी आणि स्त्रियांनी जुळविले. रमाबाई १९२२ साली वारल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. मुलींसाठी म्हणून हलके, नाजूक, निरुपयोगी काम शोधण्याची गरज नसते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आंध्रात जेथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या मंडळींनी त्या प्रदेशातील गरीब ख्रिस्ती स्त्रियांना लेस विणावयास शिकविले. उद्देश दयेचाच होता. पुढे त्या लेसचा व्यापार वाढला आणि ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथल्या विणकरणींचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना काय दिसले? बाया घरी बसून तासन्‌तास विणीत होत्या. व्यापार पुरुषांच्या हाती होता. मजुरी अगदी तुटपुंजी होती. आणि त्यांना कामगार कोणी म्हणतच नव्हते. त्या गृहिणी, फावल्या वेळात विणतात, असे म्हटले की काम भागे.

‘फावला वेळ’ या दोन शब्दांशी आमची जुनी ओळख आहे. घरी बिड्या वळणाऱ्या बाईलाही हेच ऐकावे लागे. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारी बाई कामगारच होय, असे मानले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घरकामगारांविषयीचा करार केला तो १९९६ साली. इतका उशीर का लागला? कारण आपल्या कामाचे तास मोजावयास त्या बायांना लहानपणी कोणी शिकविले नव्हते. उलट, मोजू नये, असेच शिकविले होते.

तेव्हा मंडळाचा कार्यक्रम कसा आखावा ते आता नेमके सांगतो.

प्रथम मुलींना विचारावे. तोंडी विचारले तर धीट दोघीतिघीच बोलतात. म्हणून चिठ्ठ्या घ्याव्यात, नाव न लिहिता. मग मुलींनीच अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार निवडावे आणि दर तीन महिन्यांनी बदलावे, म्हणजे लाजऱ्या मुलींचीही पाळी येते.

बैठक दोन तासांची धरली तर अर्धा तास गीते व शास्त्रपाठ, एक तास हातकाम, वीस मिनिटे इतिवृत्त आणि हिशेब, दहा मिनिटे आवराआवर. अंधार पडण्यापूर्वी प्रत्येक मुलगी घरी पोचली पाहिजे; आईबापांचा विश्वास तेथून सुरू होतो. एक काम बारा आठवड्यांचे धरावे. दर आठवड्याला नवे काहीतरी दिले की मुली खूश होतात, पण हात कशातच बसत नाही.

काम ऋतूप्रमाणे निवडावे. शाळा सुरू होताना जुन्या वह्यांची कोरी पाने काढून नव्या वह्या बांधाव्यात. त्यात घडी, टाचण, पुठ्ठा, खळ असे सारे बांधणीचे काम येते. पावसाळ्यात गोधडी घ्यावी. सुती जुनेर धुऊन, थरावर थर पसरून, काठापासून आत आत धावदोरा घालीत जाणे, हे काम चौघीजणी मिळून करता येते आणि बोलता बोलता होते. ते शिकवावयास मंडळीतल्या एखाद्या आजीला बोलवावे, किंबर गवंड्याला बोलाविले तसे. आणि तिला मानधन द्यावे, मग ते थोडे का असेना. नाताळाला कामट्या आणि पतंगी कागद यांचे तारे आहेतच. उन्हाळ्यात शिवणयंत्र उघडून साफ करणे, तेल देणे, पट्टा बदलणे शिकावे. शिवणाऱ्या बाईला यंत्र दुरुस्त करता आले की तिचा दिवस मोडत नाही.

आता हिशेब. समजा, एका मुलीने क्रोशाचा रुमाल विणला. सूत चाळीस रुपयांचे, वेळ सहा तास. लिलावात रुमाल शंभराला गेला. साठ उरले. साठ भागिले सहा, म्हणजे तासाला दहा रुपये. हे गणित फळ्यावर मुलीनेच करावे. मग तिने घरी जाऊन विचारावे, की खुरपणीला जाणाऱ्या मावशीला दिवसाची मजुरी किती मिळते? पुढच्या रविवारी ती जे प्रश्न घेऊन येईल, ते आमच्या दहा व्याख्यानांतून सुचणार नाहीत.

येथे काही वडीलधारी मंडळी म्हणतील, अहो, मग सेवाभाव कोठे राहिला? देवाच्या कामात तास मोजावयाचे काय? आम्ही म्हणतो, अवश्य मोजावे, आणि मोजून झाल्यावर खुशाल सारे देऊन टाकावे. आपण सहा तास दिले हे जिला ठाऊक आहे तिने दान दिले. जिला ठाऊकच नाही तिच्याकडून ते घेतले गेले. आलेल्या पैशाचे काय करावे हेही मुलींनीच मताने ठरवावे. आजारी बाईच्या औषधाला द्यावे, कापड आणावे, की एखादीची परीक्षेची फी भरावी, यावर त्यांना भांडू द्यावे. शांतपणे भांडणे, मते मोजणे आणि हरल्यावरही पुढच्या बैठकीला येणे, हे ज्याला येते त्याच्याशी आमच्या धंद्यात कोणी सहज फसवाफसवी करू शकत नाही.

दुसरे कोणी म्हणतील, मंडळाचा कारखाना करावयाचा काय? मुळीच नाही. खेळ हवेत, गाणी हवीत, सहल हवी. एस्पेरान्सच्या मुली नाचतच मोठ्या झाल्या. जी मुलगी स्वतःच्या मंडळात मोकळेपणी हसते आणि बोलते, तीच उद्या मुकादमासमोर मान वर करून बोलते.

शेवटी एक लहानशी विनंती. येत्या कापणीच्या सणाला लिलावाच्या टेबलावर प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर तीन ओळी असाव्यात: सामानाचा खर्च इतका, वेळ इतके तास, आणि करणारीचे नाव. बोली सुरू होण्यापूर्वी चिटणीस मुलीने त्या तीन ओळी मोठ्याने वाचाव्यात. त्यानंतर कोण किती बोलतो, ते मुलींनी आपल्या वहीत लिहून ठेवावे.