सोड्याच्या बाटलीतले कारंजे

चिकलठाण्याच्या आठवडी बाजारात उन्हाच्या वेळी लिंबू-सोड्याच्या गाडीपाशी क्षणभर उभे राहा. सोडावाला पेल्यात लिंबू पिळतो, चिमूटभर मीठ टाकतो आणि वरून सोडा ओततो. पेला असा फसफसतो, की फेस काठावरून खाली उतरतो आणि गिऱ्हाइकाला घाईघाईने तोंड लावावे लागते. पुष्कळांना वाटते, मिठाने सोड्याला जोर आला. हे वाटणे बरोबर नाही. ते का बरोबर नाही, एवढेच आज पाहायचे आहे. एवढेच म्हणतो खरा. पण हा विषय आपल्याला चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत आणि तिथून वर ढगांत घेऊन जाणार आहे.

आपल्या पोरांना या फेसाचे मोठे रूप ठाऊक आहे. कोका-कोलासारख्या पेयाची मोठी बाटली उघडायची, मेंटॉसच्या चार-पाच गोळ्या एकदम आत सोडायच्या आणि पळत सुटायचे. बाटलीच्या तोंडातून दोन-दोन पुरुष उंच कारंजे उडते. अमेरिकेत 2006 साली दोघा कलाकारांनी 101 बाटल्या आणि 523 गोळ्या घेऊन अशा कारंज्यांचा खेळच मांडला होता. तो जगभर पाहिला गेला. तेव्हापासून गावोगावच्या गुरुजींना वर्गात प्रश्न येतो, ‘गुरुजी, त्या गोळीत काय असतं?’

गोळीत साखर असते, थोडा पुदिन्याचा वास असतो आणि वरच्या लेपात डिंक असतो. बाभळीच्या जातीच्या झाडाचाच डिंक, बरं का. दारूगोळा काही नसतो. जे आहे ते बाटलीत आहे, आणि ते कारखान्यातूनच भरून आले आहे.

ते कसे भरतात? इंग्लंडात लीड्स गावी 1767 साली जोसेफ प्रीस्टली नावाचे एक पाद्री राहत. शेजारी बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपावर एक वायू साचून राहतो, हे त्यांनी पाहिले. त्यात पाणी धरून खालीवर केले, तर पाण्याला चुणचुणीत चव आली. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आपण श्वासावाटे बाहेर टाकतो तोच. पुढे 1772 साली प्रीस्टलींनी असे पाणी करण्याची रीत छापून प्रसिद्ध केली आणि सोड्याचा धंदा जगात पसरला. 1803 साली विल्यम हेन्री यांनी त्यामागचा नियम सांगितला : वायूचा दाब दुप्पट केला, की पाण्यात दुप्पट वायू विरघळतो. सोडावाल्याची सारी विद्या या एका ओळीत आली. वायू दाबून भरायचा आणि झाकण घट्ट लावायचे.

गोटीची बाटली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. ती युक्ती हायरम कॉड या इंग्रज माणसाची, 1872 सालची. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असते. तिला आतला वायूच खालून रेटून रबरी कड्यावर घट्ट बसवितो. म्हणजे कैदीच दाराला आतून पाठ लावून उभा! सोडावाला वरून दट्ट्या मारतो, गोटी खाली पडते आणि ‘फुस्स’ होते. आजच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत गोटी नाही, पण दाब आहे. मोटारगाडीच्या चाकातल्या दाबापेक्षा तो कमी नसतो. सव्वादोन लिटरच्या बाटलीत सुमारे सात-आठ लिटर वायू गप्प बसलेला असतो.

आता खरा प्रश्न. झाकण काढले, दाब गेला, तर तो सारा वायू लगेच निघून का जात नाही? बाटली उघडी ठेवली तर सोडा ‘मरायला’ तासन्‌तास लागतात. याचे कारण असे, की बुडबुडा जन्माला येणे फार कठीण असते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. त्यांना बाजूला सारून नवी पोकळी करायची, तर जोर लागतो. आणि बुडबुडा जितका लहान, तितके त्याला चिरडू पाहणारे पाणी अधिक जड जाते. म्हणून वायूला आयती खाच हवी असते. काचेवरचा ओरखडा, धुळीचा कण, मिठाचा खडा. अशा खाचेत हवेचा किंचित अंश अडकलेला असतो. पाण्यातला वायू तिथे गोळा होतो, बुडबुडा फुगतो, सुटून वर जातो, आणि खाचेत उरलेल्या अंशावर लगेच दुसरा फुगू लागतो. पेल्याच्या तळातल्या एकाच ठिकाणाहून बुडबुड्यांची माळ वर जाताना पाहिली असेल, ती हीच.

त्या गोळीचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो नांगरलेल्या रानासारखा आहे. अशा हजारो खाचा घेऊन गोळी झपाट्याने तळाशी जाते, म्हणून बुडबुडे तळापासून उठतात आणि वरचे सारे पाणी उचलून बाहेर फेकतात. लेपातला डिंक पाण्याची पकड सैल करून थोडा हातभार लावतो. त्याच गोळ्यांचा चुरा करून टाकला तर कारंजे कमी उडते. चुरा हळू बुडतो.

हे नुसते तर्काने सांगत नाही. अमेरिकेतल्या प्राध्यापिका टोन्या कॉफी यांनी विद्यार्थ्यांना घेऊन हे सारे मोजले आणि 2008 साली प्रसिद्ध केले. कारंज्याच्या आधी आणि नंतर पेयाचा आंबटपणा तपासला, तर तो तेवढाच भरला. आम्ल आणि गोळी यांची रासायनिक क्रिया होत असती, तर तो बदलला असता. वाळू टाकली तरी फेस आला. पेय ऊन असेल तर कारंजे उंच गेले. चिकलठाण्याच्या वेधशाळेत मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा उन्हात राहिलेली बाटली नुसती उघडली तरी अंगावर का येते, ते यातून कळेल. दुसऱ्या काही संशोधकांनी तर बाटल्या सखल वाळवंटापासून उंच शिखरापर्यंत वाहून नेल्या. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून फेस अधिक. आपले चिकलठाणे समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटरवर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा हवेचा दाब इथे सहा-सात टक्क्यांनी कमी. तेवढ्याने डोळ्यांना फरक दिसेल असे नाही, पण हिशेब हिशेब असतो.

मोबाइलवर आणखी एक भयंकर गोष्ट फिरते : थंड पेय पिऊन वर ही गोळी खाल्ली की पोट फुटून माणूस मरतो. आयाबाया घाबरतात. तर ऐका. पेय ओतताना आणि पिताना बराच वायू निघून जातो. गोळी चघळली की तिच्या खाचा विरघळतात. ढेकर येईल, पोट तटतटेल. बंद बाटलीसारखे पोट फुटणार नाही, कारण पोटाला वरून वाट आहे. मात्र पैजेखातर अख्ख्या गोळ्या गिळून वर बाटली रिचविण्याचा खुळेपणा कुणी करू नये. खरा धोका वेगळाच आहे : गोळ्या टाकून झाकण फिरवून लावणे. ते पोरांना कधीही करू देऊ नका. काचेच्या बाटलीवर हा प्रयोग मुळीच नको.

आता विमानतळाकडे वळू या. 2012, 2014, 2015 ही मराठवाड्याने काढलेली दुष्काळी साले तुम्हाला सांगायला नकोत. 2015 च्या ऑगस्टमध्ये याच चिकलठाण्याच्या विमानतळावरून ढगांत बी पेरायला विमान उडू लागले. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उडाले. लोक बांधावर उभे राहून वर पाहत. विमान गेले आणि पाऊस आला नाही, की म्हणत, ‘पैसा पाण्यात गेला.’ आला, की म्हणत, ‘विमानानं पाडला.’ ‘कृत्रिम पाऊस’ हे नावच मला फसवे वाटते. त्यात विमान पाणी घेऊन जाते असा भास आहे.

विमान पाणी नेत नाही, गोळी नेते. ढगात पाण्याचे थेंबुकले असतात, पण इतके बारीक, की दहा लाखांच्या आसपास एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. त्यांना गोळा व्हायला काही आधार लागतो. म्हणून मिठासारखा पाणी ओढणारा क्षार, किंवा उंच थंड ढगांत सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडतात. सोड्यात वायू बाहेर पडतो आणि ढगात पाणी एकत्र येते, हा फरक आहेच. पण दोन्हीकडे आधीच हजर असलेल्या वस्तूला बसायला जागा दिली जाते. मेलेल्या सोड्यात कितीही गोळ्या टाका, कारंजे उडत नाही. निरभ्र आकाशात कितीही विमाने फिरवा, थेंब पडत नाही. दुष्काळात अडचण हीच, की ज्या दिवसांत पावसाची निकड असते, त्याच दिवसांत पेरण्याजोगे ढग कमी असतात.

मग पेरल्याने काही होते की नाही? हे ठरविणे अवघड, कारण ढग तसाही बरसला असता असे कुणीही म्हणू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 साली सोलापूर भागात यासाठी चांगली रीत वापरली. योग्य ढग निवडले, काहींत क्षार पेरला, काही तसेच सोडले आणि दोहोंची तुलना केली. निवडलेल्या ढगांखाली पाऊस सरासरी अठरा टक्क्यांच्या आसपास वाढलेला आढळला. म्हणजे जिथे शंभर लिटर पडले असते तिथे एकशे अठरा. उपयोग आहे, पण शून्याचे अठरा टक्के शून्यच.

गुरुजी, बाई, वर्गात हा प्रयोग करणार असाल तर लहान प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या, एकाच दुकानातल्या, एकाच वेळी आणलेल्या. मैदानात मांडा. एकीत मेंटॉस, एकीत खडीसाखर, एकीत गुळगुळीत लिमलेटची गोळी, एकीत सुखना नदीची धुऊन वाळविलेली वाळू, एकीत साखरफुटाणे. वजन सगळ्यांचे सारखे. साखरफुटाण्यांचे काय होते ते मी सांगणार नाही; मुलांकडून आधी अंदाज लिहून घ्या आणि मग टाका. प्रत्येक बाटलीत किती पेय उरले ते दुधाच्या मापाने मोजा आणि फळ्यावर लिहा. दुसऱ्या दिवशी खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस यांचा फेस दाखवा. तिथे वायू नव्याने तयार होतो, ती रासायनिक क्रिया. दोन्ही फेस शेजारी शेजारी दाखविले, तर व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

आणि एक बाटली नुसती उघडून बाजूला ठेवा. तिच्यात काहीच टाकू नका. पोरे म्हणतील, ‘ही फुकट गेली.’ त्यांना म्हणावे, तिचेही माप सगळ्यांबरोबर फळ्यावर लिहायचे आहे.