साक्षरता आणि सत्यासत्यविवेक
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुलास वाचता येऊ लागले म्हणजे शिक्षकाचे निम्मेच काम होते. वाचलेले पारखता येणे हा त्याचा उत्तरार्ध होय. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीने आपणां सर्वांची या उत्तरार्धाची परीक्षा घेतली.

अफवा ही काही नवी गोष्ट नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा रुग्णालयात नेलेला माणूस मारला जातो अशी वदंता गिरणगावात उठली आणि ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. परंतु त्या काळी बहुजनांस अक्षरओळख नव्हती आणि रुग्णांस बळाने नेणारे सरकारही परके होते. २०२० मध्ये वार्ता पसरविणारे हात मात्र सुशिक्षितांचे होते. कोंबडी खाल्ल्याने रोग होतो, या एका खोट्या वार्तेने महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांस आपला माल मातीमोल विकावा लागला. इराणात मद्याने रोग टळतो या समजुतीने विषारी मद्य प्राशन करून शेकडो माणसे प्राणास मुकली.

असे का घडते? संदेश परक्याकडून नव्हे, तर काकांकडून, मामांकडून येतो. म्हणून तो खरा वाटतो. आपल्या ज्ञातीतील जिव्हाळाच अशा वेळी असत्याचे वाहन होतो. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअॅपने वारंवार पुढे पाठविलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडण्याची मर्यादा घातली. यंत्रास लगाम लागला. मनाचा लगाम मात्र आपल्याच हाती आहे.

कोणी म्हणेल, तज्ज्ञही आपले मत बदलतात. खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मुखपट्टीविषयीचा आपला सल्ला जून २०२० मध्ये बदलला. परंतु पुरावा वाढला की मत सुधारणे हेच शास्त्राचे लक्षण होय. अफवा आपली चूक कधीच सुधारीत नाही.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असे आपण म्हणतो. पण त्या मनास आधी तीन प्रश्न विचारावयास शिकविले पाहिजे. हे प्रथम कोणी सांगितले? त्यास हे कशावरून कळले? आणि हे खोटे ठरल्यास हानी कोणाची?

आमची मंडळास नम्र सूचना आहे की, रोग, औषध वा लस यांविषयीचा मजकूर आपल्या ज्ञातीतील डॉक्टरांस दाखविल्यावाचून समूहावर पाठवू नये. नातवाने ‘आजोबा, हे खरे नाही’ असे म्हटल्यास वडीलधाऱ्यांनी त्यास उद्धट समजू नये. तरुणांनीही ते चारचौघांत न म्हणता जवळ बसून सांगावे. पुढील साथ केव्हा येईल हे कोणासच ठाऊक नाही. परंतु ही सवय घरोघरी आजच लावता येईल.