अर्नाळकरांची हजार पुस्तके

विरार स्टेशनाबाहेर अर्नाळ्याची बस मिळते. वाटेत आगाशी लागते, सुकेळ्यांसाठी नाव मिळवलेली. पुढे बंदर, वाळत घातलेले बोंबील, आणि समोर पाण्यात किल्ला. मराठ्यांनी हा किल्ला १७३७ साली पोर्तुगिजांकडून घेतला आणि दोनच वर्षांनी वसई सर केली. पाहुणे आले की आम्ही त्यांना हा किल्ला दाखवतो. पण परगावी कुठे गेलो आणि 'मी अर्नाळ्याच्या बाजूचा' असे म्हटले, की वयस्कर माणूस किल्ल्याचे नाव काढीत नाही. तो विचारतो, "म्हणजे बाबूराव अर्नाळकरांच्या गावचे का?"

या बाबूरावांबद्दल आज थोडे बोलणार आहे. मी जन्मभर मराठी शिकवले आणि जन्मभर वर्गात या गृहस्थांचे नाव घेतले नाही, म्हणून बोलणे भाग आहे म्हणा ना.

त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. पुस्तकांवर मात्र छापले ते गावाचे नाव, आणि पुढे तेच खरे झाले. १९९६ साली ते वारले. गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली होती: १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या रहस्यकथा १०९२! मी गणिताचा मास्तर नव्हे, पण हा हिशेब मी कागदावर करून पाहिला. अठ्ठेचाळीस वर्षे, म्हणजे साडेसतरा हजार दिवस. दर सोळा दिवसांना एक पुस्तक पडते. मध्ये आजारपण आले असेल, घरी लग्नकार्य निघाले असेल, कधी नुसताच कंटाळा आला असेल. ते सगळे जमेस धरले तर उरलेल्या दिवसांत माणसाने किती लिहिले असेल!

तुम्ही म्हणाल, पातळ पुस्तके ती, त्यात काय मोठे? मलाही तसेच वाटे. म्हणून निवृत्तीनंतर मी स्वतः एक रहस्यकथा लिहायला बसलो. दुसऱ्या प्रकरणात प्रेत सापडले आणि तिथेच माझे गाडे अडले. ते प्रेत तिथे कोणी आणले हे मलाच ठाऊक नव्हते! ती वही अजून घरात आहे. रहस्यकथेत लेखकाला शेवट आधी माहीत असावा लागतो, आणि तो माहीत असूनही पानापानावर वाचकापासून दडवावा लागतो. शिवाय दडवताना लबाडी केलेली चालत नाही. शेवटी मागे वळून पाहिले की खूण तिथे सापडली पाहिजे. हे हजार वेळा करायचे म्हणजे बुद्धीबरोबर बैठकही दांडगी लागते.

बाबूरावांनी आपले काम सोपे करण्याची एक युक्ती काढली होती. माणसे ठरलेली. डिटेक्टिव्ह धनंजय आणि त्याचा छोटू. झुंजार. आणि तो काळापहाड, जो कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांना धडा शिकवतो. यांची ओळख पुन्हा करून द्यावी लागत नसे. वाचकाने पान उघडले की घरातलीच मंडळी भेटल्यासारखी ती भेटत. मग वर्णनात वेळ न घालवता गोष्ट थेट प्रसंगात शिरे. फोन वाजतो, मोटार थांबते, कोणीतरी जिन्यावरून खाली येते. वाक्ये आखूड, बोलणी चटपटीत, आणि प्रकरण संपते ते नेमके अशा ठिकाणी की दिवा मालवायला हात पुढे होत नाही.

ही विद्या त्यांनी आकाशातून आणली नाही. मराठीत गो. ना. दातारांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कथा आपलाशा करून वाचकाला अद्भुताची चटक आधीच लावली होती. नाथमाधवांनीही त्या चवीचे पुष्कळ लिहिले. शिवाय इंग्रजी स्वस्त पुस्तकांचा मोठा बाजार होता. सेक्स्टन ब्लेक हा तिकडचा डिटेक्टिव्ह १८९३ साली जन्मला आणि पुढे कितीतरी लेखकांनी मिळून तो जगवला. एडगर वॉलेस तर कादंबऱ्या तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेई. दीडशेच्या वर कादंबऱ्या केल्या त्याने. अर्नाळकरांच्या कथांवर या मंडळींची छाया आहे. इंग्रजी वाचलेल्या माणसाला ती चटकन दिसते, आणि ती झाकून मी बाबूरावांचा मोठेपणा सांगणार नाही. काही कथा ओढून आणलेल्या आहेत, काहींत योगायोगाची इतकी गर्दी की हसू येते. स्त्रिया बऱ्याचदा नुसत्या सुंदर असतात, दुसरे काही करीत नाहीत.

पण परकी गोष्ट घेऊन ती गिरगावातल्या, परळच्या माणसाला आपली वाटायला लावणे, हे नुसत्या भाषांतराने होत नाही. मुंबईत १९४३ साली रेशनिंग आले. धान्यासाठी रांग आणि मागच्या दाराने काळाबाजार. रांगेत उभा राहणाऱ्या माणसाला, साठेबाजाच्या तिजोरीवर हात मारणारा एक काळा पोशाखवाला हवाच होता. इन्स्पेक्टराच्या हाती तो लागू नये अशी त्याची मनापासून इच्छा असे. न्याय आणि कायदा यांतले अंतर त्याला रोजच दिसत होते. मला वाटते, काळापहाडाचे अर्धे यश इथे आहे. उरलेले अर्धे वाचनालयांचे. थोडी अनामत ठेवायची, महिन्याची किरकोळ वर्गणी द्यायची आणि रोज पुस्तक बदलायचे. घेणारे कोण? गिरणीतला जॉबर, दुपारची कामे आटोपलेली बाई, रात्रपाळीचा रखवालदार. समीक्षकांनी या वाचकाची दखल घेतली नाही आणि या वाचकाने समीक्षकांची घेतली नाही. फिटंफाट झाली. नुकसान एवढेच झाले, की ही पुस्तके कोणी जपली नाहीत. कागद हलका. हातोहात फिरून त्यांच्या चिंध्या झाल्या. अलीकडे काही निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या आहेत, पण हजारांतल्या त्या किती!

आता माझी गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला फारसे बरे वाटत नाही.

१९७४ सालची गोष्ट असेल. नववीच्या वर्गात बंदरावरचा एक मुलगा होता. धडा वाचायला उभा केला की अडखळायचा, शेवटी गप्प उभा राहायचा. प्रगतिपुस्तकावर मी शेरा दिला होता, 'वाचन कच्चे'. एके दिवशी इतिहासाच्या पुस्तकात दडवून तो काहीतरी वाचताना दिसला. जाऊन ओढले, तर अर्नाळकर! वर्गासमोर नको ते बोललो. पुस्तक जप्त केले, वर्ष संपल्यावर मिळेल म्हणून सांगितले. पुस्तक वाचनालयाचे होते, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आणि त्या रात्री ते मी घरी वाचले. सगळे. दीड वाजला.

ज्या मुलाला माझ्या धड्याचे एक पान वाचवत नव्हते, तो शंभर पानांचे पुस्तक जवळजवळ संपवत आला होता. शेवटची दहा-बारा पाने राहिली असतील, कारण तिथे त्याने बसचे तिकीट खुणेला घातले होते. हे तिकीट मी पाहिले आणि तरीही मला काही सुचले नाही, हे आज मला खुपते. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. होडीवर जाऊ लागला असे कळले.

पुढे पुष्कळ वर्षांनी बंदरावर भेटला. केस पिकलेले, स्वतःची बोट. वाकून नमस्कार केला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "सर, ते पुस्तक तुमच्याकडंच राहिलं."

"हो रे. चुकलंच माझं."

"ते जाऊ द्या. पण खून केला कोणी होता?"

मी सांगितले. "वकिलानं."

त्याने जाळे बाजूला ठेवले आणि मोठ्याने हसला. "वाटलंच होतं मला! पहिल्यापासून गोड बोलत होता तो."

वाचनालयाची अनामत किती गेली, हे मी त्याला दोनदा विचारले. त्याने सांगितले नाही. जाताना दोन पापलेटे मात्र पिशवीत घातली आणि पैसे घेतले नाहीत.